बोट तेच, किंमत वेगळी

मानवी देहाचे मोल पैशात करता येत नाही, हे वाक्य आपण व्यासपीठावरून अनेकदा ऐकतो आणि टाळ्याही वाजवतो. परंतु हे मोल जगात रोज केले जाते. ते कचेऱ्यांत होते, न्यायालयांत होते, आणि त्यासाठी छापील कोष्टके आहेत. कोणत्या बोटाला किती दिवसांची मजुरी, कोणत्या डोळ्याला किती टक्के, मृताच्या मागे किती माणसे उरली तर किती रक्कम, हे सर्व आधीच लिहून ठेवलेले असते. वैद्यकशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला ही कोष्टके परकी नाहीत, कारण त्यांतील प्रत्येक ओळीपूर्वी एका डॉक्टरची सही लागते. म्हणूनच या स्मरणिकेच्या पानांवर मी हा रुक्ष वाटणारा विषय घेतला आहे. कष्टकऱ्याच्या दुखापतीचा हिशेब कसा होतो, आणि तो हिशेब न्यायाचा आहे काय, हा माझा प्रश्न आहे.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल की हा विषय आपला नाही. आपण संगणकावर काम करतो, कुणी कार्यालयात, कुणी विद्यापीठात. यंत्रात हात जाणारा माणूस दुसरा. ही समजूत दोन अर्थांनी घातक आहे, आणि दोन्ही अर्थ पुढे स्पष्ट होतील.

प्रथम जपानचा हिशेब समजून घेऊ. १९४७ साली या देशात श्रममानक कायदा झाला आणि त्याच वर्षी कामगार अपघात भरपाई विम्याचा कायदा झाला. इथे सारे त्याला ‘रोसाई’ म्हणतात. या विम्याचा संपूर्ण हप्ता मालक भरतो. कामगाराच्या पगारातून एक येनही कापला जात नाही. शेती-मासेमारीतील अगदी लहान व्यवसायांचा अपवाद सोडला, तर एकाही माणसाला कामावर ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेला तो लागू आहे. त्याला राष्ट्रीयत्व विचारता येत नाही. आठवड्याला अठ्ठावीस तास काम करणारा विद्यार्थी, उपाहारगृहातील स्वयंपाकी, तांत्रिक प्रशिक्षणार्थी, एवढेच नव्हे तर व्हिसाची मुदत संपलेला माणूससुद्धा या कायद्याच्या छत्राखाली आहे.

हिशेबाचा पाया एकच आहे: एका दिवसाची मजुरी. अपघातापूर्वीच्या तीन महिन्यांत मिळालेली एकूण मजुरी घ्यायची, ओव्हरटाइमसह, आणि तिला त्या तीन महिन्यांतील एकूण दिवसांनी भागायचे. कामाच्या दिवसांनी नव्हे, पंचांगाच्या दिवसांनी. समजा तीन महिन्यांत ६,४४,००० येन मिळाले आणि दिवस ९२ होते, तर पायाची रोजची रक्कम ७,००० येन झाली. सहामाही बोनस यात धरत नाहीत. त्याचा विचार वेगळ्या विशेष रकमेत होतो.

आता या ७,००० वर सारी इमारत उभी राहते. औषधोपचार संपूर्ण मोफत. काम करता येत नसेल तर चौथ्या दिवसापासून रोज ६० टक्के, आणि वर विशेष मदत म्हणून २० टक्के. म्हणजे ४,२०० अधिक १,४००, एकूण ५,६०० येन. पहिल्या तीन दिवसांचे ६० टक्के मालकाने स्वतः द्यायचे. उपचारांनी यापुढे सुधारणा होणार नाही असे डॉक्टरने ठरवले की उरलेल्या अपंगत्वाची श्रेणी ठरते. श्रेणी चौदा आहेत. पहिल्या सात श्रेणींना आयुष्यभर वार्षिक निवृत्तिवेतन: पहिलीला वर्षाला ३१३ दिवसांचे, सातवीला १३१ दिवसांचे. आठवीपासून चौदावीपर्यंत एकरकमी: आठवीला ५०३ दिवस, चौदावीला ५६ दिवस. एका हाताची तर्जनी पूर्ण गेली तर ती अकरावी श्रेणी, म्हणजे २२३ दिवस. आपल्या उदाहरणात १५,६१,००० येन, आणि वर विशेष मदतीचे २,९०,००० येन.

कामगार मरण पावला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना वार्षिक वेतन मिळते. एक वारस असेल तर साधारणतः १५३ दिवसांचे, दोघे असतील तर २०१, तिघे असतील तर २२३, चार वा अधिक असतील तर २४५ दिवसांचे. त्याशिवाय एकदाच ३० लाख येन. वारस जपानबाहेर राहत असला तरी हक्क बुडत नाही. मात्र तो मृताच्या कमाईवर अवलंबून होता हे दाखवावे लागते. गावी पाठवलेल्या पैशांच्या पावत्या अशा वेळी दागिन्यांपेक्षा मोलाच्या ठरतात.

येथवर वाचून कुणी म्हणेल, व्यवस्था तर चांगली आहे, मग तक्रार कसली? व्यवस्था चांगली आहे, हे मी नाकारत नाही. परंतु पायाकडे पुन्हा पाहा. सर्व गणित एका आकड्यावर उभे आहे, आणि तो आकडा पगारपत्रकात असतो. पगारपत्रक लिहिणारा मालक असतो. ज्याला ओव्हरटाइमचे पैसे देत नाहीत, किंवा पगाराचा भाग कागदाबाहेर हातात देतात, त्याचा पाया आधीच खचलेला असतो. वरच्याच उदाहरणात तीन महिन्यांचे ९२,००० येन कागदावर आले नाहीत, तर रोजची रक्कम ६,००० होते आणि त्याच तर्जनीचे २,२३,००० येन कमी होतात. म्हणजे मालकाने आधी घाम लुटला, आणि मग त्या लुटीच्या प्रमाणात बोटाचीही किंमत घटली. देय असूनही न दिलेली मजुरी हिशेबात धरता येते, हे खरे. पण ती सिद्ध करण्याचे ओझे अखेर बोट गमावलेल्यावरच येऊन पडते.

इथेच आपल्या सुशिक्षित बांधवांचा संबंध येतो. अतिश्रमाने होणारा मृत्यू, ज्याला जपानी भाषेत ‘कारोशी’ म्हणतात, तो कारखान्यापुरता नाही. आजारापूर्वीच्या एका महिन्यात सुमारे १०० तास, किंवा दोन ते सहा महिन्यांत सरासरी महिना ८० तासांहून अधिक ज्यादा काम झाले असेल, तर मेंदूतील रक्तस्राव वा हृदयविकाराचा कामाशी दृढ संबंध मानला जातो. २०२१ च्या सुधारणेने या मर्यादेजवळ पोचलेले तास आणि अनियमित पाळ्यांसारखा इतर ताणही एकत्र तोलण्याची सूचना दिली. ज्याची नोंदच होत नाही अशा ज्यादा कामाला इथे ‘सेवा ओव्हरटाइम’ असे गोड नाव आहे. आपला अभियंता रात्री अकरापर्यंत बसतो, हजेरीत सात वाजता निघाला असे लिहितो, आणि निष्ठेचे समाधान मानतो. त्या खोट्या नोंदीने तो आपल्या पत्नीचा आणि मुलांचा हक्क दोनदा कापत असतो: एकदा तासांचा पुरावा नष्ट करून आणि दुसऱ्यांदा मजुरीचा पाया खाली आणून.

आता त्याहून कठीण प्रश्नाकडे येऊ. विम्याने मिळते ती पूर्ण भरपाई नसते. मालकाच्या निष्काळजीपणाने अपघात झाला असेल तर उरलेले नुकसान दिवाणी न्यायालयात मागता येते. त्यात सर्वांत मोठा भाग बुडालेल्या भावी उत्पन्नाचा. वार्षिक उत्पन्नाला श्रमशक्तीच्या हानीच्या टक्केवारीने गुणायचे. अकराव्या श्रेणीला ही हानी वीस टक्के धरतात. आणि सामान्यतः ६७ व्या वर्षापर्यंतची कमाई आजच्या किमतीत आणायची. पण कोणते उत्पन्न? इथे पासपोर्ट उघडला जातो.

२८ जानेवारी १९९७ रोजी जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने एका पाकिस्तानी कामगाराच्या प्रकरणात निकाल दिला. तो अल्पमुदतीच्या व्हिसावर आला, मुदतीनंतर राहिला, आणि १९९० मध्ये पुस्तकबांधणीच्या यंत्रात त्याच्या उजव्या तर्जनीचे टोक कापले गेले. न्यायालयाने म्हटले की परदेशी माणूस जपानमध्ये किती काळ काम करील याचा अंदाज घ्यावा. तेवढ्या काळापुरते जपानी उत्पन्न धरावे आणि त्यानंतरचे उत्पन्न त्याच्या मायदेशाच्या दराने. त्या कामगाराच्या बाबतीत हा काळ तीन वर्षे ठरला. चौथ्या वर्षापासून त्याचे बोट पाकिस्तानचे झाले.

कायम वास्तव्याचा परवाना असलेल्याला हा नियम बाधत नाही. त्याचा हिशेब जपानी माणसासारखाच होतो. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. आपल्याच सभागृहात एकाच रांगेत बसलेल्या दोघांपैकी एकाचे बोट आयुष्यभर येनमध्ये मोजले जाईल, आणि परवा नागपूरहून वा औरंगाबादकडून प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्या पोराचे बोट काही वर्षांनी रुपयांत मोजले जाईल. दोघांची हाडे एकाच प्रकारे मोडतात. दोघांच्या जखमेला टाके तेवढेच पडतात. भेद केवळ परवान्याच्या कागदात आहे.

या नियमाच्या बाजूने युक्तिवाद केला जातो, आणि तो पोकळ नाही. भरपाई म्हणजे बक्षीस नव्हे. जे गेले तेवढेच परत द्यायचे. जो माणूस पाच वर्षांनी मायदेशी जाणार, त्याला तिथे जपानी पगार मिळणारच नव्हता. मग जो मिळणार नव्हता तो गेला असे कसे म्हणावे? हा तर्क सरळ दिसतो. तीन कारणांनी तो टिकत नाही.

पहिले कारण असे की मजुरी ही निसर्गाने दिलेली वस्तू नाही. कुणाची मजुरी किती असावी हे ज्या समाजव्यवस्थेने ठरवले, तीच मजुरी गुणक म्हणून घेतली की त्या व्यवस्थेचा अन्याय भरपाईत जसाच्या तसा उतरतो. भारताचे उदाहरण घ्या. १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने त्याची जागा घेतली, परंतु सूत्र तेच राहिले. मृत्यूला मासिक वेतनाचे ५० टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ६० टक्के, गुणिले वयानुसारचा अंक. तिसाव्या वर्षी हा अंक २०७.९८, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. जुन्या कायद्याच्या अनुसूचीत संपूर्ण तर्जनीला १४ टक्के. हिशेबात धरायच्या वेतनाची कमाल मर्यादा २०२० मध्ये महिना १५,००० रुपये करण्यात आली. तीस वर्षांच्या माणसाचे वेतन १५,००० असेल तर त्याच्या तर्जनीचे सुमारे २,६२,००० रुपये होतात. त्याचेच वेतन कागदावर ८,००० असेल तर सुमारे १,४०,०००. कुणाच्या वाट्याला ८,००० ची कामे पिढ्यान्‌पिढ्या आली, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगावयास नको. ज्या हाताला आधी हलके काम दिले, त्या हाताला तुटल्यावरही हलके ठरवले जाते.

दुसरे कारण असे की ‘प्रत्यक्ष नुकसान’ हे तत्त्व कायदा स्वतःच जेव्हा हवे तेव्हा सोडतो. भारतात वेतनाची कमाल मर्यादा घातली तेव्हा प्रत्यक्ष नुकसान कुठे गेले? गटारात उतरून मरणाऱ्या सफाई कामगारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख रुपये ठरवले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली; तिथे मृताचे वेतन विचारले गेले नाही, आणि ते योग्यच झाले, कारण त्या वेतनाचा गुणाकार हा त्या मरणाचा दुसरा अपमान ठरला असता. जपानमध्येही हेच दिसते. चेहऱ्यावरील विद्रूप करणाऱ्या मोठ्या व्रणाला येथील कोष्टकात स्त्रीसाठी सातवी श्रेणी होती आणि पुरुषासाठी बारावी. वितळलेल्या धातूने भाजलेल्या एका पुरुष कामगाराच्या दाव्यात क्योतोच्या जिल्हा न्यायालयाने २०१० साली हा भेद संविधानविरोधी ठरवला, आणि पुढच्या वर्षी कोष्टक बदलले. अपघातात मरण पावलेल्या एका कर्णबधिर मुलीचे भावी उत्पन्न खालच्या न्यायालयाने सर्वसाधारण सरासरीच्या ८५ टक्के धरले होते. ओसाकाच्या उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ते पूर्ण शंभर टक्के धरले. पहिल्या प्रकरणात लिंगाची भिंत पडली, दुसऱ्यात अपंगत्वाच्या भिंतीला भगदाड पडले. राष्ट्रीयत्वाची भिंत मात्र १९९७ पासून उभी आहे. कोष्टके माणसांनीच लिहिली आणि माणसांनीच बदलली, हा या दोन्ही निकालांचा धडा आहे.

तिसरे कारण सर्वांत व्यावहारिक आहे. भरपाईचा उद्देश केवळ जखमीला पैसे देणे नसून अपघात टाळण्यास मालकाला भाग पाडणे हाही आहे. ज्याचे बोट स्वस्त, त्याच्या यंत्राला संरक्षक जाळी बसवण्याची घाई कुणाला असते? जपानच्या विम्यात ठराविक आकारापुढील आस्थापनांचा हप्ता दिलेल्या भरपाईच्या प्रमाणात चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू वा घटू शकतो. कमी मजुरीच्या माणसाची भरपाई कमी, म्हणून त्याच्या अपघाताने हप्ताही कमी वाढतो. म्हणजे धोक्याच्या जागी सर्वांत स्वस्त माणूस उभा करणे हे हिशेबाने फायद्याचे ठरते. त्यावर न्यायालयीन भरपाईही मायदेशाच्या दराने कापली, तर परदेशी कामगाराची स्वस्ताई दुप्पट होते. समान धोका आणि असमान किंमत, हे धोक्याला दिलेले निमंत्रण आहे.

याच हप्त्याच्या भीतीने दुसरा रोग जन्मतो. अपघात लपवणे. “घरी जिन्यावरून पडलो असे सांग”, असे जखमीला सांगितले जाते, आणि भाषा न येणारा, व्हिसाच्या भयाने ग्रासलेला माणूस डॉक्टरसमोर तेच बोलतो. वैद्याला जखम खोटे सांगत नाही. जिन्यावरून पडलेल्याचा हात आणि रोलरमध्ये ओढला गेलेला हात यांतील फरक आमच्या पहिल्या वर्गातल्या विद्यार्थ्यालाही कळतो. कामावरील अपघाताची खबर न देणे हा जपानी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला पाच लाख येनपर्यंत दंड आहे. कामावरच्या जखमेसाठी सर्वसाधारण आरोग्य विम्याचे कार्ड वापरणेही नियमाविरुद्ध आहे. आणि तसे केले की खर्चाचा वाटा खिशातून जातो, पगाराची भरपाई जाते, आणि उद्या अपंगत्व उरले तर त्याचा मूळ पुरावाच नसतो.

बाबासाहेब जुलै १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या खात्याच्या कारभाराच्या काळात, १९४३ मध्ये, प्राध्यापक बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या बदलाचे तत्त्व आपण विसरता कामा नये. १९२३ च्या कायद्यात जखमी कामगार मालकाच्या दारात याचक म्हणून उभा होता. विम्याने त्याला हक्कदार केले. याचकाने किती मागावे हे दाता ठरवतो. हक्कदाराने किती घ्यावे हे कायदा ठरवतो. कायद्यापुढे मग एकच प्रश्न उरतो: तो सर्वांना एकाच मापाने मोजतो काय?

माझी मागणी स्पष्ट आहे. जपानच्या भूमीवर जपानी यंत्राने घेतलेल्या अवयवाचे मोल जपानच्याच मापाने, सर्वांसाठी, पूर्ण कार्यकालापर्यंत व्हावे. मायदेशाच्या दराची कात्री न्यायालयांनी टाकून द्यावी. ही मागणी करण्याचा अधिकार ज्यांना कायम वास्तव्य मिळाले आहे त्यांनाच सर्वाधिक आहे, कारण त्यांना तीत स्वतःचा लाभ नाही. येथे स्थिरावलेली कुटुंबे जर ‘ते प्रशिक्षणार्थी, आपण अभियंते’ असे म्हणू लागली, तर ज्या श्रेणीबद्ध व्यवस्थेतून आपण बाहेर पडलो तिची एक नवी पायरी आपणच घडवली असे होईल.

तोपर्यंत हातात असलेले काम करावे. प्रत्येकाने पगारपत्रके जपून ठेवावीत आणि कामाचे खरे तास स्वतःच्या वहीत रोज लिहावेत. गावी पाठवलेल्या पैशांची नोंद राखावी. जखम झाली तर रुग्णालयात पहिल्याच वाक्यात ‘कामावर झाली’ असे सांगावे. मालकाने अर्जावर सही नाकारली तरी ते कारण लिहून अर्ज थेट श्रममानक निरीक्षण कार्यालयात देता येतो. अर्ज अडत नाही. विश्रांतीच्या काळातील मजुरीचा हक्क साधारणतः दोन वर्षांत, तर अपंगत्वाचा आणि वारसांचा पाच वर्षांत लोपतो, हे विसरू नये. श्रेणी चुकीची वाटली तर निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांत फेरतपासणी मागता येते.

आणि संघटनेने प्रत्येक जयंतीच्या मेळाव्यात एक टेबल या कामासाठी ठेवावे. तिथे जपानी वाचता येणारा एक जण बसावा, हिशेब जाणणारा एक जण बसावा आणि एक डॉक्टर बसावा. आपल्याकडे हे तिघेही आहेत. नव्याने आलेल्या मुलाला भोजनाच्या रांगेत उभे करण्याआधी त्या टेबलाकडे न्यावे, आणि त्याच्या पगारपत्रकातील रोजची रक्कम किती होते ती त्याच्यासमोर काढून दाखवावी. आपल्या बोटाची किंमत त्याला आधी कळली, तर ती नंतर दुसरा कुणी परस्पर ठरवू शकणार नाही.